मधुमेह असलेल्याचा कान ठणकतो तेव्हा

मधुमेह झाला की पाय जपायचे, हे आता घरोघरी माहीत आहे. घरातही चप्पल घालायची, नखं जपून कापायची, बोटांच्या बेचक्या रोज कोरड्या करायच्या. कानाबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही. कान खाजला की हाताशी असेल ती काडी आत जाते, दडे बसले की कोमट तेल, ठणका लागला की सुदर्शनच्या पानाचा रस किंवा औषधाच्या दुकानातून आणलेले ड्रॉप्स. तिशीतल्या धडधाकट माणसाचं यातून सहसा फार बिघडत नाही. सत्तरीतल्या मधुमेह्याच्या कानात तीच काडी हाड कुरतडणाऱ्या संसर्गाची सुरुवात ठरू शकते.

या संसर्गाला डॉक्टरांच्या कागदावर ‘मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना’ किंवा ‘नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्ना’ म्हणतात. तो कवटीच्या तळाच्या हाडात पसरला की ‘स्कल बेस ऑस्टिओमायलायटिस’. ‘मॅलिग्नंट’ हा शब्द वाचून घरचे हबकतात, पण हा कॅन्सर नव्हे. १९६८ मध्ये चँडलर या अमेरिकी डॉक्टरांनी १३ रुग्णांची माहिती एकत्र मांडली, त्यातले जवळपास निम्मे दगावले होते, म्हणून त्यांनी हे जहाल नाव दिलं. आज योग्य प्रतिजैविकं वेळेवर मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अडचण त्या ‘वेळेवर’चीच आहे, कारण सुरुवातीला हा आजार अगदी साध्या कानदुखीसारखा दिसतो.

कानातच असं का होतं

कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. बाहेरचा एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या लवचिक भागासारखा. आतला दोन तृतीयांश भाग हाडाचा. या आतल्या भागात कातडी कागदासारखी पातळ असते आणि तिच्याखाली चरबीची गादी नसते, कातडी थेट हाडाला चिकटलेली असते. तिथे ओरखडा उठला की जंतू आणि हाड यांच्यामध्ये आडवं येणारं फारसं काही उरत नाही. कूर्चेच्या भागात मुळातच बारीक फटी असतात. त्यांतून संसर्ग खाली, कवटीच्या तळाकडे उतरतो. पडद्याकडे तो सहसा जात नाही, त्यामुळे पडदा शाबूत आणि ऐकू बऱ्यापैकी येतंय, तरीही आत हाड सडतंय, असं होऊ शकतं.

गुन्हेगार बहुतेक वेळा एकच असतो: स्यूडोमोनस एरुजिनोसा. हा पाण्यात आणि ओलाव्यात सुखाने राहणारा जंतू आहे. नळाच्या तोटीत, शॉवरच्या जाळीत, न धुतलेल्या टाकीत तो सापडतो. निरोगी कातडीवर त्याचं काही चालत नाही. कानातला मळ किंचित आम्लधर्मी असतो आणि मेणासारखा पाणी अडवतो, ही त्याच्याविरुद्धची पहिली भिंत. दुसरी भिंत म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, आणि त्यांना तिथवर पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या.

मधुमेहात या दोन्ही भिंतींना तडा जातो. मळाची आम्लता कमी होते. बारीक रक्तवाहिन्या जाड होऊन रक्तपुरवठा मंदावतो, म्हणजे पेशीही कमी पोचतात आणि औषधही. ज्या पेशी पोचतात त्या वाढलेल्या साखरेत सुस्त असतात. पायाची जखम चिघळण्यामागे जी कारणं आहेत तीच इथेही आहेत. फरक एवढाच की पायाची जखम दिसते.

धोका कोणाला, आणि किती

या आजाराचे बहुसंख्य रुग्ण साठीच्या पुढचे मधुमेही असतात. ज्यांची साखर वर्षानुवर्षं वर राहिली आहे, ज्यांच्या डोळ्यांवर, मूत्रपिंडावर किंवा पायांच्या संवेदनेवर मधुमेहाचा परिणाम झाला आहे, त्यांच्या कानातल्या रक्तवाहिन्याही त्याच अवस्थेत असतात असं धरून चालावं. पण साखर आटोक्यात आहे म्हणून निश्चिंत राहू नका. वीस वर्षांचा मधुमेह आणि गेल्या तीन महिन्यांची चांगली एचबीएवनसी (रक्तातल्या सरासरी साखरेची तपासणी), एवढ्याने रक्तवाहिन्या नव्या होत नाहीत.

मधुमेहाव्यतिरिक्त ज्यांची प्रतिकारशक्ती खचलेली आहे तेही याच रांगेत: केमोथेरपी चालू असलेले, ल्युकेमियाचे रुग्ण (यात लहान मुलंही येतात), मूत्रपिंड किंवा यकृत बदललेले, डायलिसिसवरचे, संधिवातासाठी किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणारे. एचआयव्ही असलेल्यांत हा आजार तरुण वयातही होतो, आणि त्यांच्यात जंतूऐवजी अ‍ॅस्परजिलस ही बुरशी असण्याची शक्यता जास्त. बुरशी असेल तर नेहमीची प्रतिजैविकं कितीही दिली तरी उपयोग नाही, म्हणून ही नोंद डॉक्टरांना आपणहून सांगावी.

एक गट नेहमी सुटून जातो: तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेले. आपल्याकडे तंबाखूमुळे असे रुग्ण भरपूर आहेत. किरणांच्या टप्प्यात कान आला असेल तर मळ तयार करणाऱ्या ग्रंथी सुकतात, कातडी कोरडी आणि नाजूक होते, हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो. उपचार संपून दहा वर्षं झाली तरी हा धोका संपत नाही.

हे झाले शरीरातले धोके. ते एका दिवसात बदलता येत नाहीत. पण कानात प्रत्यक्ष आग लावणारी ठिणगी बहुतेक वेळा बाहेरून येते, आणि ती टाळता येते. ठिणग्या म्हणजे: काडीचा किंवा बडचा (कापूस लावलेल्या काडीचा) ओरखडा, मळ काढण्यासाठी पिचकारीने मारलेलं नळाचं पाणी, पोहताना किंवा डोक्यावरून आंघोळ करताना आत साचलेलं पाणी, श्रवणयंत्राच्या घट्ट साच्यामागे दिवसभर कोंडलेला दमटपणा, कानातला इसब खाजवणं. शरीरातला एक धोका आणि बाहेरची एक ठिणगी एकत्र आली आणि कान दुखू लागला, की ती साधी कानदुखी समजू नये.

मळ काढण्याबद्दल थोडं सविस्तर

यावर जास्त बोलायला हवं, कारण चूक बहुतेक इथेच होते, आणि ती कधीकधी दवाखान्यातही होते.

कान स्वतःला साफ करतो. पडद्यावरची कातडी हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते आणि मळ घेऊन येते. बड घातला की त्याच्या टोकाला थोडा मळ लागतो, बाकीचा आत ठासला जातो आणि कातडीवर बारीक ओरखडे उठतात. हेअरपिन, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, गाडीची किल्ली यांचं तर बोलायलाच नको. स्टेशनबाहेर किंवा जत्रेत कान कोरून देणाऱ्यांची सळई एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात जाते. मधुमेह्याने त्यांच्यापुढे बसूच नये.

दवाखान्यात मळ काढायचा असेल तर आधीच सांगा: ‘मला मधुमेह आहे, पाण्याची पिचकारी नको.’ कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीखाली बघून बारीक सक्शनने किंवा हुकने मळ काढता येतो. यात कान कोरडा राहतो आणि आतलं दिसत असतं. पिचकारी मारण्यावाचून गत्यंतर नसेल तर नळाचं पाणी वापरू नये, निर्जंतुक सलाईन शरीराच्या तापमानाइतकं कोमट करून वापरावं, नंतर कान पूर्ण कोरडा करावा आणि आम्लधर्मी ड्रॉप्स द्यायचे का हे डॉक्टरांनी ठरवावं. नळाच्या पाण्याने कान धुतल्यावर काही दिवसांनी वयस्क मधुमेह्यांना हा आजार झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. धुण्यात दोन गोष्टी एकदम होतात, संरक्षण करणारा मळ निघून जातो आणि जंतू असलेलं पाणी ओरखड्यांवर बसतं.

मळ कडक असेल तर आधी तो मऊ करणारे ड्रॉप्स तीन ते पाच दिवस घालायला सांगतात. पडदा फाटलेला आहे, कान पूर्वी वाहत होता किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, तर हे ड्रॉप्सही विचारल्याशिवाय घालू नयेत.

तेल, लसणीचं तेल, सुदर्शनचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड यांतलं काहीही या रुग्णांच्या कानात जाऊ नये. तेलाने ओलावा कोंडतो आणि बुरशीला खाऊ मिळतो, गरम तेलाने कातडी भाजते, झाडाचा रस निर्जंतुक नसतो. आजींना हे पटवणं कठीण आहे, मान्य. ‘तेल घाला, पण पाठीला’ असं म्हटलं की थोडं जमतं.

पाणी आत जाऊ न देण्याची रीत

कापसाचा बोरीएवढा बोळा घ्या. त्याच्या बाहेरच्या बाजूला व्हॅसलीन चोपडा, म्हणजे कापूस पाणी शोषणार नाही. हा बोळा कानाच्या भोकाच्या तोंडाशीच बसवा, आत दाबू नका. कोरडा कापूस घालण्यात अर्थ नाही, तो पाणी पितो आणि ओला बोळा कानात तसाच धरून ठेवतो. आंघोळ झाली की बोळा काढून टाकून द्या, दुसऱ्या दिवशी तोच वापरू नका.

तरी पाणी गेलंच तर डोकं त्या बाजूला कलवा, कानाची पाळी वर आणि मागे ओढा, पाणी निथळू द्या. भोकाच्या तोंडाशी आलेलं पाणी टॉवेलच्या कोपऱ्याने टिपा. हेअर ड्रायर असेल तर थंड किंवा सर्वांत कमी उष्णतेवर, कानापासून हातभर दूर धरून अर्धा मिनिट हवा द्या. पायांची संवेदना गेलेल्यांना कानाजवळची उष्णताही नीट कळेलच असं नाही, म्हणून ड्रायर दुसऱ्याने धरावा.

कोकणात, गोव्यात, मुंबईत जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की कान आपोआप वाळत नाही. कानातल्या बुरशीचे रुग्ण याच दिवसांत वाढतात. पावसाळ्यात या लोकांनी विहिरीत, नदीत, तलावात डोकं बुडवणं टाळावं. वारीत चंद्रभागेत उतरायचंच असेल तर मान पाण्याबाहेर ठेवून, वर सांगितलेला बोळा घालून.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी रात्री ते काढून ठेवावं आणि दिवसाही तास-दोन तास कानाला हवा लागू द्यावी. कानामागच्या यंत्राचा साचा यंत्रापासून सोडवून आठवड्यातून एकदा साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावा, नळीतलं पाणी फुंकून काढावं, रात्रभर वाळवावा आणि मगच जोडावा. यंत्र स्वतः कधीही पाण्यात घालू नये, त्याला ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची डबी. कान दुखत किंवा वाहत असताना त्या कानात यंत्र अजिबात घालायचं नाही, मग चार दिवस टीव्हीचा आवाज मोठा झाला तरी चालेल.

साधी कानदुखी की हाडाचा संसर्ग

कानाच्या नळीची साधी सूज कोणालाही होते. पाळी ओढली किंवा भोकापुढची छोटी पाकळी दाबली की कळ येते, थोडा स्राव येतो, कान खाजतो. योग्य ड्रॉप्स सुरू केले की दोन-तीन दिवसांत ठणका उतरणीला लागतो.

हाडाचा संसर्ग वेगळा वागतो. त्याची ओळख एका वाक्यात सांगायची तर, दुखणं दिसण्याच्या मानाने फार जास्त असतं. बाहेरून बघावं तर थोडीशी सूज आणि थोडा पू, पण माणूस रात्रभर कपाळ धरून बसलेला. ठणका खोल असतो, रात्री वाढतो, जबड्याच्या सांध्याकडे आणि कानशिलाकडे पसरतो. साधी वेदनाशामक गोळी पुरत नाही. भाकरी चावताना दुखतं, पुढे तोंड पूर्ण उघडत नाही. यामुळे कित्येक रुग्ण आधी दातांच्या डॉक्टरकडे जातात, आणि एखादी दाढ काढूनही ठणका तसाच राहतो.

ताप बहुतेकदा नसतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्याही अनेकदा सामान्य असते. म्हणून ‘ताप नाही, रक्त नॉर्मल आहे, म्हणजे विशेष काही नाही’ हा निष्कर्ष इथे चुकतो. केमोथेरपीवरच्या किंवा स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णात पू आणि सूज आणखी कमी दिसते, कारण सूज आणणाऱ्या पेशीच कमी असतात.

घरी रोज करता येईल अशी तपासणी आहे, अर्ध्या मिनिटाची. रुग्णाला समोर बसवा. डोळे घट्ट मिटायला सांगा, गाल फुगवायला सांगा, दात दाखवायला सांगा. एका बाजूचा डोळा पूर्ण मिटत नसेल, चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळत असेल, तर चेहऱ्याच्या नसेपर्यंत संसर्ग पोचला असण्याची शक्यता आहे. ही नस कानाच्या खालीच कवटीतून बाहेर पडते, म्हणून सर्वांत आधी तीच सापडते. त्यानंतर आवाज घोगरा होणं, गिळताना ठसका लागणं, जीभ एका बाजूला वळणं ही आणखी खोल पसरल्याची लक्षणं.

चेहरा वाकडा झाला की घरचे ‘लकवा’ म्हणून धावतात, आणि धावायलाच हवं, कारण पक्षाघातही तसाच दिसतो. पण मेंदूचं स्कॅन ठीक आलं की पुष्कळदा बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या नसेचा अचानक येणारा लुळेपणा) ठरवून स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू होतात. कान दुखतोय किंवा वाहतोय, आणि मधुमेह आहे, तर त्या गोळ्या घेण्याआधी ‘कान दुर्बिणीतून बघितला का’ हे विचारा. इथे स्टेरॉइड म्हणजे साखर वर आणि जंतूला मोकळं रान.

कधी जायचं याचा हिशेब सोपा ठेवा:

- मधुमेह किंवा कमी प्रतिकारशक्ती असलेल्याचा कान दुखू किंवा वाहू लागला: एक-दोन दिवसांत तज्ज्ञाकडे, फोनवर औषध नको.
- ड्रॉप्स सुरू करून ७२ तास झाले आणि ठणका कमी नाही: पुन्हा त्याच तज्ज्ञाकडे, ड्रॉप्स बदलून वाट बघत बसू नये.
- चेहरा वाकडा, गिळताना त्रास, आवाज बदलला, दोन-दोन दिसतंय, ग्लानी, तीव्र डोकेदुखी: त्याच दिवशी, मोठ्या रुग्णालयात.

दुकानातले ड्रॉप्स का नकोत

औषधाच्या दुकानात ‘कान दुखतोय’ म्हटलं की बहुधा चार औषधं एकत्र असलेली बाटली मिळते: क्लोरॅम्फेनिकॉल, क्लोट्रिमॅझोल, बेक्लोमेथॅसोन आणि लिग्नोकेन. लिग्नोकेनने कान बधिर होतो, बेक्लोमेथॅसोन या स्टेरॉइडने सूज उतरते, क्लोट्रिमॅझोल बुरशीवर चालतं. उरलं क्लोरॅम्फेनिकॉल, आणि स्यूडोमोनस त्याला जन्मतःच दाद देत नाही. म्हणजे दुखणं झाकलं जातं, सूज झाकली जाते, मूळ जंतू तसाच राहतो. दोन आठवडे ‘थोडं बरं वाटतंय’ असं म्हणण्यात जातात.

दुसरी चूक उलट्या दिशेची. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या पाच दिवस घ्यायच्या, बरं वाटलं की सोडायच्या, पुन्हा दुखलं की पुन्हा पाच दिवस. अशा तुकड्या-तुकड्यांनी जंतू त्या औषधाला सरावतो. शिवाय नंतर पुवाची तपासणी केली तर जंतू उगवत नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल हे कळायचा मार्गच बंद होतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी स्वॅब (पुवाचा नमुना), मग प्रतिजैविक. गोळ्या आधीच चालू असतील तर डॉक्टरांना नाव, मात्रा आणि किती दिवस घेतल्या ते सांगा, पाकीट सोबत न्या.

तज्ज्ञाने दिलेले ड्रॉप्स घालायची पद्धतही बरोबर हवी. बाटली दोन मिनिटं मुठीत धरून कोमट करा, थंड थेंबांनी चक्कर येते. दुखरा कान वर करून कुशीवर झोपवा. पाळी वर आणि मागे ओढून थेंब नळीच्या भिंतीवरून ओघळू द्या, बाटलीचं टोक कानाला लागू देऊ नका. भोकापुढची पाकळी चार-पाच वेळा हलकेच दाबा, पाच मिनिटं तसंच पडून राहू द्या. नळी सुजून बंद झाली असेल तर डॉक्टर आत स्पंजची वात बसवतात. थेंब त्या वातीवर घालायचे असतात. ती दोन-तीन दिवसांनी डॉक्टरांनीच काढायची किंवा बदलायची, घरी ओढायची नाही. फोडलेली बाटली महिनाभरानंतर टाकून द्या.

तपासण्या कशासाठी

दुर्बिणीतून बघताना डॉक्टर कानाच्या नळीच्या तळाशी, कूर्चा आणि हाड जिथे जुळतात तिथे, लालसर मांसल दाणे शोधतात. ते दिसले आणि रुग्ण मधुमेही असला की संशय बळावतो. एचआयव्हीमध्ये हे दाणे नसतीलही.

रक्तात ईएसआर आणि सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या बघतात. ईएसआर अनेकदा ५० च्या वर, कधी १०० च्या आसपास असतो. साध्या सुजेत तो इतका चढत नाही. उपचार लागू पडतोय का, हेही पुढे याच आकड्यांवरून कळतं, म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे वहीत लिहून ठेवा. सोबत साखर, एचबीएवनसी आणि क्रिएटिनिन, कारण औषधाची मात्रा मूत्रपिंडावरून ठरते.

सीटी स्कॅनमध्ये हाडाची झीज दिसते, पण हाडातली सुमारे एक तृतीयांश खनिजं गेल्यावरच. पहिल्या आठवड्यात सीटी ‘नॉर्मल’ आला म्हणून आजार नाही असं होत नाही. एमआरआयमध्ये हाडाभोवतीच्या मऊ भागातला प्रसार चांगला दिसतो. टेक्नेशियमचा बोन स्कॅन लवकर पकडतो, पण संसर्ग गेल्यावरही हाड भरून येत असताना तो महिनोन्‌महिने ‘पॉझिटिव्ह’ राहतो. बरं झालं का हे त्यावरून ठरवायचं नसतं. सगळेच स्कॅन सगळ्यांना लागत नाहीत. जिथे खर्चाचा प्रश्न आहे तिथे कोणता स्कॅन कोणत्या प्रश्नाचं उत्तर देणार, असं सरळ विचारावं.

बायोप्सीला मात्र नाही म्हणू नका. कानाच्या नळीचा कॅन्सर हुबेहूब असाच दिसू शकतो, आणि कधी दोन्ही एकत्र असतात. छोटा तुकडा तपासल्याशिवाय फरक कळत नाही. त्याच तुकड्यातून बुरशीची तपासणीही होते. तुकडा दोन भागांत पाठवतात, एक फॉर्मलिनमध्ये पेशी बघायला, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये जंतू आणि बुरशी उगवायला. सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये गेला तर कल्चर होत नाही, एवढं लक्ष ठेवलं तर बिघडत नाही.

उपचाराचे सहा आठवडे, कधी जास्त

हाडात औषध हळू पोचतं, म्हणून उपचार किमान सहा आठवडे चालतो. आजार लवकर सापडला आणि जंतू दाद देणारा असला तर तोंडावाटे सिप्रोफ्लॉक्सासिन, साधारणपणे ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पुरतं. मात्रा अर्थातच डॉक्टर मूत्रपिंड बघून ठरवतील. आपल्याकडे या औषधाला न जुमानणारे जंतू बरेच आहेत, त्यामुळे सेफ्टाझिडिम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा मेरोपेनेमसारखी शिरेतून द्यायची औषधं लागतात. बुरशी असेल तर व्होरिकोनॅझोल, तेही बारा आठवडे किंवा जास्त, यकृताच्या तपासण्या करत. शस्त्रक्रियेचा भाग थोडा असतो: मेलेला भाग साफ करणं, तुकडा घेणं. आजार फक्त शस्त्रक्रियेने जात नाही.

सिप्रोफ्लॉक्सासिनच्या काळात घरच्यांनी सांभाळायच्या गोष्टी. गोळी दूध, दही, कॅल्शियम, लोह, जस्त किंवा अ‍ॅसिडिटीच्या पातळ औषधासोबत दिली तर ती पोटातच अडकते. गोळीनंतर किमान दोन तासांनी ही औषधं घ्यावीत, किंवा ती आधी घेतली असतील तर गोळी सहा तासांनी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर अचानक खूप खाली जाऊ शकते, म्हणून पहिल्या आठवड्यात ग्लुकोमीटरवर दिवसातून तीन-चार वेळा बघा आणि घाम, थरथर, बरळणं दिसलं की आधी साखर द्या. मान आखडली म्हणून घेतलेली टिझानिडिन सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत चालत नाही, रक्तदाब धोकादायक खाली जातो. टाचेमागची शीर दुखू लागली तर चालणं थांबवून डॉक्टरांना फोन करा.

साखर जिंकल्याशिवाय कान जिंकता येत नाही. संसर्गामुळे साखर चढते, चढलेल्या साखरेमुळे संसर्ग वाढतो. या काळात गोळ्या बंद करून इन्सुलिन सुरू केलं तर ते शिक्षा म्हणून घेऊ नये. चावताना दुखतं म्हणून जेवण कमी होतं आणि इन्सुलिन तेवढंच राहतं, ही गडबडही नेहमीची. मऊ खिचडी, मुगाचं कढण, पातळ भाकरी-दूध (गोळीची वेळ टाळून) असं ठरलेल्या वेळी द्या, आणि पोटात किती गेलं हे डॉक्टरांना खरं सांगा.

चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल तर त्या बाजूच्या डोळ्याला दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणी मिटवून चिकटपट्टी. कान बरा होईपर्यंत डोळ्याचं बुबुळ सुकून व्रण पडला, असं व्हायला नको. चेहरा परत सरळ होतो का, हे नक्की सांगता येत नाही. काहींचा होतो, काहींचा थोडा वाकडा राहतो.

ठणका गेला म्हणजे आजार गेला नाही. दुखणं पहिल्या दोन आठवड्यांत ओसरतं आणि नेमकं तेव्हाच औषध सोडलं जातं. हा आजार उलटतो, कधी कित्येक महिन्यांनी, म्हणून उपचार संपल्यावरही वर्षभर तपासणी चालू ठेवावी लागते: आधी दर महिन्याला, मग दोन-तीन महिन्यांनी, दर वेळी ईएसआर, सीआरपी आणि दुर्बिणीतून कान. मधल्या काळात पुन्हा खोल ठणका लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. आणि तपासताना दुसराही कान बघायला सांगावा. तो दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही, पण साखर दोन्ही कानांना सारखीच असते.